बारावीचा शेवटचा सामना झाला, आता पुढे? गावाकडच्या खेळाडू मुलामुलींसाठी

सहावीपासून बारावीपर्यंत मी शाळेच्या खो-खो संघात होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव, मैदानाला लागून पऱ्हाटीचं वावर, आणि खांब म्हणून रोवलेली सागाची दोन लाकडं. बारावीत आमचा संघ राज्यस्तरावर तिसरा आला. एसटीतून उतरलो तर फाट्यापासून गावापर्यंत डफडं वाजत होतं. माझ्या बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा पेढे वाटले.

दोन वर्षांनी पोलीस भरतीची जाहिरात आली. खेळाडूंच्या जागा होत्या. मी प्रमाणपत्र काढलं, तर त्यावर माझं आणि बाबांचं नाव होतं, आडनावच नव्हतं. पडताळणी नावाचं काही असतं हे मला जाहिरात वाचून कळलं. शाळेत गेले, तर आमचे क्रीडाशिक्षक निवृत्त झालेले, त्यांच्या जागी कोणी आलेलं नाही, आणि संघाच्या याद्या ज्या कपाटात होत्या त्याची किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नाही. सगळं जुळवेपर्यंत अर्जाची तारीख निघून गेली. पुढे नोकरी लागली, पण त्यात तीन वर्षं गेली. ती तीन वर्षं तुमची जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. जसं करायचं, त्याच क्रमाने सांगते.

१. शाळा सोडल्याचा दाखला घेण्याआधी प्रमाणपत्रं तपासा

निकाल लागला की सगळे दाखला घ्यायला धावतात. थांबा. आधी घरातली खेळाची सगळी प्रमाणपत्रं एका चादरीवर मांडा आणि शेजारी दहावीची गुणपत्रिका ठेवा. आता एकेक अक्षर जुळवा. तुमचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख, शाळेचं नाव, खेळ, वयोगट, स्पर्धेचं वर्ष, ठिकाण, मिळालेला क्रमांक. शेवटी सही आणि शिक्का.

आपल्याकडे प्रमाणपत्रं बहुतेकदा स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी घाईत हाताने लिहिली जातात. बाहेर गाडी उभी असते, पोरं भुकेली असतात, कोणीतरी नावं सांगतं, कोणीतरी लिहितं. ‘वैष्णवी’ची ‘वैशाली’ होते, आडनाव गळतं, क्रमांकाचा रकाना कोरा राहतो. त्या दिवशी कोणाला काही वाटत नाही.

चूक सापडली तर स्वतः पेनाने काही करू नका. एक अक्षर खोडलेलं दिसलं तरी पूर्ण प्रमाणपत्रावर संशय येतो. मुख्याध्यापकांचं पत्र, दहावीच्या गुणपत्रिकेची प्रत आणि मूळ प्रमाणपत्र घेऊन ज्या कार्यालयाने ते दिलं तिथे जा. शालेय स्पर्धेचं असेल तर सुरुवात जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयापासून करा. स्पर्धा होऊन सहा महिने झालेले असताना हे काम होतं, सहा वर्षांनी फार जड जातं.

आणि एक, मूळ प्रमाणपत्राला लॅमिनेशन करू नका. पोट्ट्यांना हौस असते, मेडलसोबत भिंतीवर लावायची. लावायचंच असेल तर रंगीत झेरॉक्स लावा. मूळ कागद प्लास्टिकच्या पाकिटात, तोही पत्र्याखालच्या ओल्या भिंतीपासून दूर. एका पावसाळ्यात शाई फुटते.

२. शाळेतून काय काय मागून घ्यायचं

फाइल करा. दहा-वीस रुपयांची साधी फाइलही चालते. त्यात हे हवं:

– दहावी आणि बारावीची गुणपत्रिका
– शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत
– खेळाची सर्व मूळ प्रमाणपत्रं आणि प्रत्येकाच्या तीन साक्षांकित प्रती
– त्या वर्षीच्या संघाच्या प्रवेशयादीची प्रत, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यासह
– स्पर्धेच्या वेळी दिलेलं खेळाडूचं ओळखपत्र, असेल तर
– अधिवास प्रमाणपत्र
– जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर
– आधार, बँक पासबुकाचं पहिलं पान, फोटो

यातली प्रवेशयादी कोणीच मागत नाही, आणि अडल्यावर तीच लागते. ‘अमुक वर्षी अमुक संघात ही मुलगी होती’ हे सांगणारा शाळेतला कागद तोच. ज्या गुरुजींनी यादी लिहिली ते तिथे आहेत तोवर प्रत घ्या. शिवाय बातमीचं कात्रण ठेवा. पुरावा म्हणून ते पुरत नाही, पण स्पर्धेची तारीख आणि ठिकाण आठवायला फार उपयोगी पडतं.

सगळ्याचे मोबाईलवर फोटो काढा आणि घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाईलवरही पाठवा.

३. क्रीडागुण वेगळे, नोकरीतलं आरक्षण वेगळं

या दोन गोष्टींत खूप जण गोंधळतात.

दहावी-बारावीला मिळणारे वाढीव गुण म्हणजे क्रीडागुण. खेळाच्या पातळीनुसार ते ठरतात, जास्तीत जास्त २५. त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे आणि तिथून मंडळाकडे जातो. तो परीक्षेच्या हंगामातच जायला हवा. निकाल लागल्यावर ‘सर, माझे गुण राहिले’ म्हणून रडत येणारी पोरं मी दरवर्षी बघते. जानेवारीतच वर्गशिक्षकांना आणि कार्यालयातल्या बाबूंना विचारा, माझा प्रस्ताव गेला का, आणि त्याची प्रत मला दाखवता का.

नोकरीतलं खेळाडू आरक्षण ५ टक्के आहे. ते समांतर आरक्षण आहे, म्हणजे तुम्ही ज्या प्रवर्गातून अर्ज करता त्याच प्रवर्गात खेळाडूंच्या जागा ठेवलेल्या असतात. त्याचे सध्याचे मुख्य नियम १ जुलै २०१६ च्या शासन निर्णयात आहेत. ज्या जिल्हास्तरीय प्रमाणपत्रावर क्रीडागुण मिळाले, तेच दाखवून नोकरीत खेळाडू कोटा मिळेल असं समजू नका. तिथे कामगिरी वरच्या पातळीवरची लागते, आणि पद जितकं मोठं तितकी कामगिरीही मोठी लागते. शासन निर्णय मराठीत आहे, छापून घ्या आणि आपला खेळ, आपली स्पर्धा, आपला क्रमांक त्यात बसतो का ते स्वतः वाचा. चहाच्या टपरीवर ऐकलेल्या माहितीवर चालू नका.

४. पडताळणी: जाहिरातीची वाट पाहू नका

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून सविस्तर सांगते.

तुमचं प्रमाणपत्र खरं आहे आणि आरक्षणाच्या नियमात बसतं, हे क्रीडा खात्याने तपासून लेखी द्यावं लागतं. हे काम विभागीय उपसंचालक, क्रीडा व युवक सेवा यांच्या कार्यालयाचं. यवतमाळ, अकोला, वाशीम, बुलडाणा आणि अमरावती जिल्ह्यांसाठी ते अमरावतीला आहे. वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरसाठी नागपूरला.

भरतीची जाहिरात आली की या कार्यालयांवर एकदम गर्दी उसळते. अर्जाला पंधरा-वीस दिवस असतात, आणि एका प्रमाणपत्राची खातरजमा करायला कार्यालयाला जुन्या नोंदी काढाव्या लागतात, कधी त्या खेळाच्या राज्य संघटनेकडे पत्र पाठवावं लागतं. ते पंधरा दिवसांत होईलच असं नाही. म्हणून बारावीचा निकाल लागला त्याच उन्हाळ्यात, कुठलीही जाहिरात नसताना, पडताळणीचा अर्ज करा. काय काय जोडायचं ते निघण्याआधी जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारून घ्या. गडचिरोलीच्या टोकाच्या गावातून नागपूरला जाऊन एका झेरॉक्ससाठी परत यावं लागलं, तर दोन दिवसांची मजुरी बुडते.

अर्ज दिला की पोचपावती घ्या. तारीख आणि आवक क्रमांक असलेलीच घ्या. ‘ठेवून जा, बघतो’ यावर परतू नका. आवाज चढवायची गरज नाही, नमस्कार करून उभं राहायचं आणि म्हणायचं, ‘साहेब, आवक क्रमांक तेवढा द्या.’ मी पहिल्या वेळी लाजून परत आले होते. दुसऱ्या वेळी उभी राहिले, तेव्हा दोन मिनिटांत मिळाला.

आता सापळ्याबद्दल. तुमच्या गावात किंवा तालुक्याच्या चौकात एखादा भाऊ भेटेल आणि सांगेल, अमुक खेळाचं राज्य पातळीचं प्रमाणपत्र काढून देतो, इतके हजार लागतील. कधी खेळाचं नावही तुम्ही ऐकलेलं नसतं. त्याच्या वाटेला जाऊ नका. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर लागलेल्यांच्या नोकऱ्या महाराष्ट्रात गेल्या आहेत, गुन्हे दाखल झाले आहेत. ज्याने खरोखर पहाटे पाचला उठून धाव घेतली त्याची जागा त्यात खाल्ली जाते, हे मला आजही सहन होत नाही.

दुसरा सापळा खऱ्या खेळातलाच. ‘ऑल इंडिया’ किंवा ‘नॅशनल’ असं नाव असलेल्या खाजगी स्पर्धा भरपूर आहेत. फी भरा, रेल्वेने जा, मेडल घेऊन या. खेळायला जायचं तर जा, पण भरण्याआधी विचारा की ही स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची आहे का. नाही तर ते मेडल घरात राहील, फाइलमध्ये चालणार नाही.

५. कॉलेज निवडताना मैदान बघा

बारावी झाली म्हणून खेळ संपत नाही. शाळेत तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी पायरी असते. कॉलेजात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, तिथून विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभाग आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. शाळेत राज्यापर्यंत जायला आठ विभागांच्या संघांत यावं लागतं. विद्यापीठाच्या संघात यायचं तर स्पर्धा फक्त आपल्या विद्यापीठाच्या कॉलेजांची. आमच्या बरोबरीच्या दोघी शाळेत विभागापलीकडे गेल्या नाहीत, आणि कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी विद्यापीठाचा रंगीत ब्लेझर घालून आल्या.

विदर्भात बहुतेक पारंपरिक कॉलेजं तीन विद्यापीठांत वाटली आहेत. अमरावती विभागाच्या पाच जिल्ह्यांसाठी संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदियासाठी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजात जाऊन तीन प्रश्न विचारा. इथे शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक आहेत का? माझ्या खेळाचा संघ गेल्या वर्षी उतरला होता का? सराव रोज होतो की स्पर्धेच्या आधी चार दिवस? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्राध्यापकांकडून घेऊ नका, मैदानावरच्या मुलांकडून घ्या.

प्रवेश नियमित अभ्यासक्रमालाच घ्या. घर लांब, पैसे कमी, म्हणून कितीतरी मुली मुक्त विद्यापीठातून बीए करतात. शिक्षण म्हणून ते चांगलंच, पण आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरायला पूर्णवेळ विद्यार्थी असावं लागतं. वयाची मर्यादाही आहे, १७ ते २५. मध्ये एक-दोन वर्षं घरी बसलात तर तेवढे हंगाम कायमचे गेले.

आंतरमहाविद्यालयीन वेळापत्रक पावसाळ्यात ठरतं. ऑगस्ट उजाडण्याआधी क्रीडा विभागात जाऊन नाव नोंदवा. ‘ते बोलावतील’ असं धरून बसू नका, तुम्ही गावच्या चॅम्पियन आहात हे तिथे कोणाला माहीत नसतं.

खेळ हाच पोटापाण्याचा मार्ग करायचा असेल तर अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ एकदा डोळ्याने बघून या. १९१४ साली सुरू झालेली ही संस्था. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इथल्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. शारीरिक शिक्षणाचे अभ्यासक्रम तिथे चालतात. क्रीडाशिक्षक व्हायचं तर पदवीनंतर बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, त्याला राज्याची सीईटी आणि मैदानी चाचणी असते. प्रशिक्षक व्हायचं तर पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचे अभ्यासक्रम आहेत, त्यात सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतो.

६. शाळेचं वय संपलं, संघटनेचं संपलेलं नसतं

शालेय स्पर्धांत शेवटचा गट १९ वर्षांखालचा. पण ॲथलेटिक्समध्ये संघटनेचा ज्युनिअर गट २० वर्षांखालचा असतो, कबड्डीतही तसंच. म्हणजे बारावीनंतर एक-दीड हंगाम हातात राहतो. आपल्या जिल्ह्याच्या संघटनेच्या सचिवांना भेटा आणि निवड चाचणी कधी आहे ते विचारून घ्या. ही माहिती आपोआप गावापर्यंत येत नाही.

मातीवरून मॅटवर जाण्याची तयारीही आत्ताच करा. कबड्डी आणि खो-खोचे वरचे सामने मॅटवर होतात. अनवाणी मातीत वाढलेल्या आपल्या पोरी पहिल्यांदा मॅटवर सूर मारतात तेव्हा गुडघे आणि कोपरं सोलून निघतात, आणि वळताना पाय अडकतो. आठवड्यातून एकदा तरी जिल्हा क्रीडा संकुलात जाऊन बूट घालून खेळा.

आणि कोणी म्हटलं की आता वय गेलं, तर त्यांना उमेश यादवचं सांगा. खापरखेड्याजवळच्या वलनीचा, कोळसा खाणीत काम करणाऱ्या बापाचा मुलगा. विशीपर्यंत टेनिस बॉलवरच खेळत होता. २०११ मध्ये तो कसोटी खेळला, विदर्भाच्या संघातून तिथवर पोचलेला पहिला.

७. भरतीची तयारी खेळापेक्षा वेगळी असते

खेळाडू आहे म्हणून मैदान सहज निघेल असं समजू नका. पोलीस शिपाई भरतीत शारीरिक चाचणी ५० गुणांची, लेखी १०० ची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. कबड्डीचा चढाईपटू तीस सेकंद वाघासारखा असतो, पण १६०० मीटरच्या तिसऱ्या फेरीत त्याचा श्वास सुटतो. गोळ्याचं वजनही बघा. शाळेत हलक्या गोळ्याची सवय असते, भरतीत मुलांना ७.२६० किलो आणि मुलींना ४ किलो. तोच गोळा घेऊन सराव करा, गावातल्या चार-पाच जणांनी वर्गणी काढली तर जमतं.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात सकाळी सातनंतर धावू नका. पारा ४५ च्या वर जातो. पाच वाजता सुरू, साडेसहाला घरी, सोबत मीठ-साखरेचं पाणी. आमच्या गावात एक जण नऊ वाजता धावायला गेला आणि ग्रामीण रुग्णालयात सलाईन लावून पडला.

लेखीचं पुस्तक पहिल्या दिवसापासून उघडा. मैदानात पहिले येऊन लेखीत राहिलेले खेळाडू मी मोजू शकणार नाही इतके आहेत.

८. घरी आधीच बोलून ठेवा

स्पर्धांचा हंगाम आणि सोयाबीन सोंगणी एकाच वेळी येते, पाठोपाठ कापूस वेचणी. ऐनवेळी ‘उद्या सामना आहे’ म्हटलं की माय म्हणते, ‘अन् वावरात कोण जाईन?’ तिचं चूक नाही. वेळापत्रक मिळालं त्या दिवशी तारखा कॅलेंडरवर लिहा, कोणते चार दिवस नसाल आणि त्याबदली कोणत्या रविवारी दिवसभर काम कराल ते सांगा. मुलींनी प्रवासाचा खर्चही सांगावा. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, यवतमाळची फेरी आता पूर्वीइतकी अंगावर येत नाही. सोबत कोण शिक्षिका आहेत आणि रात्री मुक्काम कुठे आहे, हे बाबांनी विचारण्याआधीच त्यांना सांगा. अर्ध्या घरांतला विरोध तिथेच मावळतो.

९. मागे राहणाऱ्या संघासाठी

बारावीच्या मुली एकदम गेल्या की संघ रिकामा होतो. आम्ही सात जणी एकाच वर्षी निघालो, आणि पुढच्या वर्षी आमची शाळा तालुक्यातच हरली. जाण्याआधी उन्हाळ्यात पंधरा दिवस द्या. आठवी-नववीच्या मुलींना साखळी पद्धतीने पळणं आणि खांबावर वळणं हातात हात घेऊन शिकवा. गुरुजी सांगतात ते आणि ताई करून दाखवते ते, यात फरक पडतो.

बारावी झाल्यावर ‘एक सामना खेळून दे’ म्हणून कोणी बोलावलं तर जाऊ नका. विद्यार्थी नसलेला खेळाडू सापडला की पूर्ण संघ बाद होतो आणि लहान पोरींचं वर्ष वाया जातं.

शाळेचं सामान मोजून परत द्या. टीशर्ट, नीकॅप, शिट्टी, मोजपट्टी, प्रथमोपचाराची पेटी, जे असेल ते. शंभर पानी वहीत सामानाची यादी करा. त्याच वहीत गेल्या तीन वर्षांचे संघ, प्रत्येकीचं गुणपत्रिकेप्रमाणे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि स्पर्धेचा निकाल लिहा. एक वही मुख्याध्यापकांकडे द्या, दुसरी नव्या कर्णधाराकडे. आमच्या शाळेत आता अशी वही आहे. मागच्या हिवाळ्यात एका जुन्या विद्यार्थिनीला पडताळणीसाठी संघाची नावं हवी होती, कर्णधार मुलीने दप्तरातून वही काढून तिथल्या तिथे पान दाखवलं.